पोहे, लिंबू आणि हिरवा कप

माळव्यात दिवस पोह्यांनी सुरू होतो. देवास असो, धार असो की टोंकखुर्दसारखं तहसिलीचं गाव असो, टपरीवर वाफेवर ठेवलेले पिवळे पोहे, त्यात बडीशेपेचा वास, वर मूठभर शेव, बारीक चिरलेला कांदा आणि पिळलेलं लिंबू. बशी रिकामी व्हायच्या आत चहा हातात येतो. आलं घातलेला, दुधाचा, उकळून उकळून लाल झालेला. गेल्या काही वर्षांत मात्र इथल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या हातात दुसरा कप दिसू लागलाय. गरम पाण्यात कागदी पिशवी बुडवायची आणि तोंड वाकडं न करता ते फिकट हिरवं पाणी प्यायचं. ग्रीन टीने वजन उतरतं, चेहरा उजळतो, हे सांगून झालं होतं. आता मोबाईलवर नवा दावा फिरतोय: पाळीच्या आधी होणारी चिडचिड, पोट फुगणं, छाती दुखणं, उगाच येणारं रडू, हे सगळं ग्रीन टीने जातं.

वजनाचं आणि चेहऱ्याचं सोडून देऊ. हा शेवटचा दावा मात्र नीट तपासावा असा आहे, कारण तो अगदीच हवेतला नाही, आणि आपल्याकडच्या मुलींसाठी त्यात एक खाच आहे. ती खाच चहाच्या पानात नाही, चहा प्यायच्या वेळेत आहे.

टोंकखुर्द देवास जिल्ह्यात येतं. काळी जमीन, खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू-हरभरा. शेततळ्यांच्या चळवळीने २००६ नंतर ज्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं, तोच हा जिल्हा. देवासात पवारांच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या नांदल्या, धारेलाही पवारच होते, त्यामुळे या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बाहेर हिंदी आणि माळवी, उंबऱ्याच्या आत मराठी. पाळीच्या बाबतीत मात्र उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच कुजबुज. ‘कावळा शिवला’ म्हणणारी पिढी आता मागे पडली. मुलीसाठी दुकानातून पॅड आणणारे वडीलही दिसतात. तरी पाळीच्या आधीचा आठवडा अजून कुणाच्या बोलण्यात येत नाही. त्या दिवसांत मुलगी उलटून बोलली की आई म्हणते, “हिला झालंय तरी काय?” आणि विषय तिथेच संपतो.

झालेलं असतं ते असं. पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी बीजांडकोशातून बीज बाहेर पडतं. त्यानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या तोंडावर झपाट्याने उतरतं. या उताराच्या दिवसांत काहींना चिडचिड, उदासी, झोप बिघडणं, गोड खावंसं वाटणं, स्तन दुखणं, पोट जड होणं असा त्रास होतो, आणि पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत तो ओसरतो. यालाच पीएमएस म्हणतात. पाळी चालू असताना ओटीपोटात येणाऱ्या कळा हा वेगळा प्रकार आहे. रील्समध्ये दोन्हींची सर्रास खिचडी झालेली असते, म्हणून आधी हे वेगळं काढलं.

वैद्यकशास्त्राने या त्रासाची दखल तशी उशिराच घेतली. न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्ये १५ स्त्रियांच्या नोंदी छापून त्याला ‘पाळीपूर्व ताण’ म्हटलं. लंडनच्या कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी १९५३ मध्ये त्याला आजचं नाव दिलं. फ्रँकना वाटत होतं की इस्ट्रोजेन जास्त होतंय, डाल्टनना वाटत होतं की प्रोजेस्टेरॉन कमी पडतंय. डाल्टनबाईंनी पुढे वर्षानुवर्षं प्रोजेस्टेरॉन देऊन उपचार केले, पण नंतरच्या काटेकोर चाचण्यांत त्याचा तसा फायदा दिसला नाही. गाठ सुटली ती १९९८ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या एका प्रयोगात. संशोधकांनी औषधाने काही स्त्रियांचे बीजांडकोश तात्पुरते शांत केले. पीएमएस असलेल्यांपैकी बऱ्याच जणींचा त्रास थांबला. मग त्यांना संप्रेरकं बाहेरून दिली, सगळ्यांना सारखी. ज्यांना आधी त्रास होता त्यांचा त्रास परत आला, ज्यांना नव्हता त्यांना काहीच झालं नाही. मृगाचा पाऊस काळ्या रानावर आणि मुरमाड माळावर सारखाच पडतो. एकीकडे गुडघाभर चिखल होतो, दुसरीकडे तासाभरात जमीन कोरडी होते. तिथे पाऊस मोजून उत्तर सापडत नाही.

म्हणूनच पीएमएससाठी हजारो रुपयांच्या ‘हार्मोन प्रोफाइल’ तपासण्या केल्या तरी आकडे बहुधा नॉर्मलच येतात, आणि मुलीला ऐकावं लागतं, “रिपोर्ट तर चांगले आहेत, मग मनाचेच खेळ.” रिपोर्ट चांगलेच असणार. फरक असतो तो मेंदूच्या प्रतिसादात. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत एक उपपदार्थ बनतो, तो मेंदू शांत ठेवणाऱ्या गाबा नावाच्या यंत्रणेवर काम करतो, आणि काही जणींच्या मेंदूला त्याचा चढउतार सोसत नाही. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचाही यात हात आहे. थायरॉइड किंवा हिमोग्लोबिन तपासणं ही वेगळी गोष्ट, ते जरूर करावं. त्याकडे पुढे येतेच.

किती जणींना हा त्रास होतो? भारतातले अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये एक आढावा निघाला, त्यात सरासरी सुमारे ४३ टक्के निघाली. शेजारच्या गुजरातेत, भावनगरच्या कॉलेज विद्यार्थिनींच्या पाहणीत मात्र हा आकडा १८ टक्क्यांच्या आसपास होता. एवढी तफावत मुलींमुळे पडत नाही, विचारण्याच्या पद्धतीमुळे पडते. “पाळीच्या आधी त्रास होतो का?” असं विचारलं तर जवळपास प्रत्येक जण हो म्हणेल. त्या त्रासाने अभ्यास, काम, घरातलं वागणं बिघडतं का असं विचारलं की हात कमी वर होतात.

यावर डॉक्टर एकच साधन मानतात: वही. सलग दोन पाळ्या, रोज रात्री झोपण्याआधी दोन ओळी. चिडचिड, उदासी, झोप, अंगदुखी, पोट, प्रत्येकाला १ ते ६ असा गुण, आणि पाळी कधी आली त्यावर खूण. नंतर आठवून लिहायचं नाही, त्याच रात्री लिहायचं, कारण दहा दिवसांनंतरची आठवण फार बनेल असते. नोंदी पाहिल्या की चित्र स्वच्छ होतं. त्रास पाळीच्या आधीच्या पाच-सात दिवसांत गोळा झाला असेल, पाळी आल्यावर ओसरला असेल आणि मधले किमान आठ-दहा दिवस मोकळे असतील, तर तो पीएमएस. महिनाभर सारखीच उदासी असेल तर तो दुसरा प्रश्न, त्यावर ग्रीन टीच काय, पीएमएसचा कुठलाच उपाय चालणार नाही. वहीला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा तिची जाहिरात कुणी करत नाही.

आता चहा.

चहा आणि पीएमएस यांच्यावरचा जो अभ्यास मला सगळ्यात गमतीचा वाटतो, तो १९८९ चा आहे. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि चहाच्या कारखान्यातल्या कामगार मुली अशा १८८ जणींची पाहणी झाली. निष्कर्ष आजच्या रील्सच्या बरोब्बर उलटा: जास्त चहा पिणाऱ्यांत पीएमएस जास्त, आणि कप वाढतील तसा आकडाही वाढत गेलेला. संशोधकांचा संशय कॅफिनवर होता. मग पाळीच्या आधी चहा-कॉफी बंद करा हा सल्ला जगभर पाठ झाला. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांच्या आहाराच्या नोंदी वर्षानुवर्षं पाहून केलेला अभ्यास आला, तर त्यात कॅफिन आणि पीएमएस यांचा काही संबंधच सापडला नाही. आणि २०१९ मध्ये शांघायच्या स्त्रियांच्या पाहणीत चहा पिणाऱ्यांत पाळीच्या वेळच्या कळा कमी दिसल्या, ग्रीन आणि ऊलाँग चहा पिणाऱ्यांत विशेष करून.

म्हणजे एकदा चहा गुन्हेगार, एकदा निर्दोष, एकदा उपकारकर्ता. यात कुणी खोटं बोलत नाहीये. ग्वांगडोंग आणि शांघाय या दोन्ही पाहण्यांत चहा आणि त्रास एकाच वेळी विचारले गेले, त्यामुळे आधी काय आणि मागून काय हे कळायला मार्ग नाही. अंग मोडून आलं की माणूस आणखी एक कप घेतो; मग त्रासामुळे चहा वाढला की चहामुळे त्रास? शांघायचा निष्कर्ष तर कळांचा आहे, पाळीआधीच्या चिडचिडीचा नाही. रीलमध्ये तो एका वाक्यात पीएमएसवर सरकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

“पण त्यात थिॲनिन असतं,” असं एखादी चांगली वाचलेली मुलगी म्हणेल. असतं. चहाच्या पानात एल-थिॲनिन नावाचा पदार्थ आहे आणि मन शांत करण्याबाबत त्यावर बरे प्रयोग झालेत. पण प्रयोगांत दिवसाला साधारण २०० मिलिग्रॅम दिलं जातं. एका कपातून फार तर वीस-पंचवीस मिळतं, पुष्कळदा त्याहून कमी. दहा कप प्यायल्यावर थिॲनिन पुरेसं होईल, पण तोवर कॅफिन इतकं झालेलं असेल की झोपेचं खोबरं होईल. आणि झोप मोडली की पाळीच्या आधीची चिडचिड कशी होते हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

तरी ग्रीन टी घेतल्यावर बरं वाटतं असं सांगणाऱ्या मुली खोटं सांगत नाहीत. पीएमएसमध्ये नुसत्या उपायाच्या भरवशाने आराम पडण्याचं प्रमाण चकित करण्याइतकं मोठं आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत ४६६ स्त्रियांवर कॅल्शियमची चाचणी झाली. खरी गोळी घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत ४८ टक्क्यांनी घटला. औषध नसलेली, निव्वळ नावाची गोळी घेणाऱ्यांचाही ३० टक्क्यांनी घटला. हा आकडा लक्षात ठेवला की ‘माझ्या मैत्रिणीला गुण आला’ या वाक्याचं वजन कळतं. शिवाय ग्रीन टी पिणारी मुलगी तेवढा वेळ पाच मिनिटं शांत बसते, साखरेच्या चहाचा एक कप वाचवते, अधेमधे गरम पाणी पोटात जातं. यातलं काय कामाला आलं हे सांगता येत नाही, पण नुकसान तरी काय, असा प्रश्न येतो.

नुकसान आहे, आणि ते पोह्यांच्या बशीपाशी आहे.

पाळीत दर महिन्याला साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं आणि त्याबरोबर पंधरा-एक मिलिग्रॅम लोह. ते भरून काढायचं तर अन्नातून लोह शोषलं जायला हवं. शाकाहारी जेवणातलं लोह शरीर फार कंजूषपणे घेतं. शंभरातले जेमतेम सात-आठ भाग रक्तात पोचतात, बाकीचे तसेच बाहेर. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. पोळी, वरण, भात, भाजी या ताटातून २९ गाठणं आधीच अवघड. पोह्यांचंच बघा. जुन्या आहारतक्त्यांत शंभर ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह लिहिलेलं असायचं आणि त्या जोरावर आपण पोह्यांचं कौतुक करत आलो. २०१७ च्या नव्या तक्त्यांत तो आकडा साडेचारच्या आसपास उतरला. तरीही पोह्यांवर लिंबू पिळणं ही शहाणपणाची रीत आहे. लिंबातलं सी जीवनसत्त्व वनस्पतींतलं लोह शोषण्याजोग्या रूपात ठेवतं. पोहे उतरवल्यावर, खायच्या वेळी पिळावं, कारण उष्णतेने ते मरतं.

आणि लिंबू पिळून जे कमावलं, ते पाठोपाठ आलेला चहा घालवतो. चहातले पॉलिफेनॉल आतड्यात लोहाला घट्ट पकडतात, मग ते लोह शरीराला घेता येत नाही. हे काम दुधाचा लाल चहाही करतो आणि ग्रीन टीही. दूध घातल्याने फारसा फरक पडत नाही असं १९९९ च्या एका स्विस अभ्यासात दिसलं. आपल्यासाठी महत्त्वाचा प्रयोग मात्र बंगळुरूचा, २००८ चा. तरुण भारतीय स्त्रियांना भाताचं जेवण देऊन त्याबरोबर चहा दिला, आणि लोह किती शोषलं गेलं ते मोजलं. एका कपाने शोषण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं, दोन कपांनी जवळपास दोनतृतीयांश घटलं. रक्त आधीच कमी असलेल्या मुलींमध्येही हेच झालं. उलट जेवणाबरोबर सी जीवनसत्त्व दिलं तेव्हा शोषण कैक पटींनी वाढलं.

हे सगळं पीएमएसच्या लेखात कशाला, असं कुणी विचारेल. दोन कारणं आहेत. रक्त कमी असलं की थकवा, धडधड, चिडचिड, डोकं जड, लक्ष न लागणं हे होतंच, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात ते आणखी खुपतं. वरून पाहता दोन्ही त्रास एकमेकांत मिसळून जातात. दुसरं कारण अधिक थेट आहे. त्याच अमेरिकन परिचारिकांच्या अभ्यासातून २०१३ मध्ये असं निघालं की वनस्पती आणि गोळ्यांतून येणारं लोह ज्यांच्या आहारात सर्वांत जास्त होतं, त्यांना पुढे पीएमएस होण्याचं प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने कमी होतं. सेरोटोनिन बनवणाऱ्या विकराला लोह लागतं, त्यामुळे हा संबंध योगायोग नसावा असं संशोधकांना वाटतं. पुरावा अजून पक्का म्हणता येत नाही. पण ग्रीन टीच्या बाजूने जेवढा आहे, त्यापेक्षा नक्कीच भक्कम आहे.

आता माळव्यातली मुलगी डोळ्यासमोर आणा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं, १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९ टक्के. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे निम्म्याहून जास्त. सरकारला हे ठाऊक आहे. मध्य प्रदेशात ‘लालिमा’ अभियान निघालं, २०१८ मध्ये देशभर ‘ॲनिमियामुक्त भारत’ आलं, शाळा आणि अंगणवाडीत मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. गोळी फुकट आहे, काम करते. पण ती घेतल्यावर मळमळतं म्हणून मुली ती ओढणीच्या टोकाला बांधून घरी आणतात, किंवा घेतात आणि वरून चहा पितात. त्या चहात गोळीतलं बरंच लोह अडकतं. ग्रीन टीचं वेड आल्यापासून सकाळी उपाशीपोटी एक, नाश्त्यावर एक आणि ‘जेवण पचायला’ जेवणानंतर लगेच एक, असा रतीब सुरू झाला असेल तर लोहाच्या शोषणाच्या तिन्ही वेळा गेल्या. चिडचिड जावी म्हणून घेतलेला कप, चिडचिडीचं एक कारण वाढवतोय.

उपाय मात्र सोपा आहे आणि त्यासाठी ग्रीन टी सोडावी लागत नाही. इंग्लंडमध्ये २०१७ मध्ये निरोगी स्त्रियांवर प्रयोग झाला: जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचं शोषण घटलं, तोच चहा जेवणानंतर एक तासाने घेतला तर ती घट बरीचशी भरून निघाली. तेव्हा नाश्ता आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा. दुपारी साडेतीन-चारची वेळ उत्तम, पोट ना भरलेलं ना रिकामं. उपाशीपोटी ग्रीन टीने अनेकींना मळमळ आणि जळजळ होते. संध्याकाळी सहानंतर नको, कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच पाच-एक तास लागतात, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना त्याच्या जवळपास दुप्पट. जेवणाबरोबर ताक प्यायची सवय असेल तर ताक आणि लोहाची गोळीही एकत्र नको, दुधातलं कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. गोळीला पाणी, आणि नंतर एक पेरू. अर्ध्या लिंबापेक्षा एका पेरूत सी जीवनसत्त्व कितीतरी जास्त, आणि हंगामात तो बाजारात ढिगाने असतो.

करायची रीतही सांगते, कारण आपल्याकडे चहा म्हटलं की पातेल्यात खळखळ उकळायची सवय. साध्या चहाची पानं आंबवलेली असतात. ग्रीन टीची पानं तोडल्यावर लगेच वाफेने किंवा कढईत तापवून तो आंबण्याचा क्रम थांबवतात, म्हणून रंग हिरवा राहतो. ही पानं उकळली की कडू जहर होतात. पाणी उकळून खाली उतरवायचं, तीन-चार मिनिटं थांबायचं, मग पानं घालून दोन मिनिटांत गाळायचं. त्यावर मध घालून ‘आरोग्यदायी’ करायचा मोह आवरला तर बरं, तो साखरच असतो. आणि दुधातली ग्रीन टी हा प्रकार माझ्या मते चहावरही अन्याय आहे आणि दुधावरही.

एका गोष्टीबद्दल मात्र ढिलाई नको. ग्रीन टीचा अर्क असलेल्या गोळ्या आणि कॅप्सूल वजन कमी करायला म्हणून विकल्या जातात. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१८ मध्ये सगळे पुरावे तपासून सांगितलं की अशा गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन, घेतलं तर यकृताला इजा झाल्याची लक्षणं दिसू शकतात. कपातला चहा त्या मानाने निर्धोक आहे, गोळीतला दाट अर्क वेगळाच प्राणी आहे. गर्भ राहण्याची तयारी असलेल्या तरुणींनीही कपांची संख्या कमीच ठेवावी, कारण ईजीसीजी फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे, आणि त्या काळात फॉलिक ॲसिड सगळ्यांत मोलाचं.

मग खरोखर कशाने बरं वाटतं? कॅल्शियमची चाचणी वर आलीच. ती दिवसाला १२०० मिलिग्रॅमची होती. दूध, दही, तीळ, राजगिरा यांतून बरंच गाठता येतं, माळव्यात दुधाचा तुटवडाही नाही. ब-६ जीवनसत्त्वाने काही जणींना फायदा होतो, पण १०० मिलिग्रॅमच्या वर ते नसांना बाधतं, म्हणून मनाने घेऊ नये. इराणमध्ये आल्याच्या कॅप्सूलवर विद्यार्थिनींत छोट्या चाचण्या झाल्या आणि निकाल बरे आले. टपरीवरच्या आल्याच्या चहात तेवढं आलं नसतं, पण भाजीत-आमटीत सढळ हाताने घालायला कोण अडवतंय? जर्मनीत २००१ मध्ये व्हायटेक्स नावाच्या झुडपाच्या फळांचा अर्क १७० स्त्रियांवर तपासला, तोही चालला. ते झुडूप म्हणजे आपल्या बांधावरच्या निर्गुंडीचं सख्खं भावंड. भावंड आहे, जुळं नव्हे. निर्गुंडीचा काढा करून पिण्याआधी हे लक्षात असू द्यावं. शेवेतलं मीठ कमी केल्याने पोट फुगणं थांबतं असं सगळे सांगतात. पुरावा कमजोर आहे, आणि माळव्यात शेव सोडायला सांगण्याची हिंमत माझ्यात नाही. रोज अर्धा तास जोरात चालणं मात्र पुराव्यानेही चांगलं आणि पैशानेही.

गावपातळीवर पहिली पायरी म्हणजे आशाताई किंवा एएनएम. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी सल्ला केंद्रं असतात. मध्य प्रदेशात त्यांना ‘उमंग’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘मैत्री’. तिथे हिमोग्लोबिन तपासता येतं आणि बोलणं गुप्त राहतं. हिमोग्लोबिन ठीक असूनही थकवा जात नसेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगावं. रक्तातला आकडा चांगला आणि कोठार रिकामं, असं पुष्कळदा असतं. एकदा थायरॉइडही पाहावं.

थोड्या जणींत हा त्रास या सगळ्याच्या पलीकडे जातो. त्या दिवसांत जगणं नको वाटतं, रागाच्या भरात नाती तुटतात, परीक्षा बुडतात, आणि पाळी आली की “मी असं कसं वागले?” म्हणून रडू कोसळतं. त्याला पीएमडीडी म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून त्याला स्वतंत्र जागा आहे, आणि भावनगरच्या पाहणीत तो चार टक्क्यांच्या आत होता. वर्गात पन्नास मुली असतील तर एक किंवा दोन. यावर सेरोटोनिन वाढवणारी औषधं चांगली लागू पडतात, आणि नैराश्यात ती लागू पडायला आठवडे लागतात तसं इथे होत नाही, काही दिवसांतच फरक दिसतो. त्यामुळे पुष्कळ जणींना ती महिनाभर घ्यावीच लागत नाहीत, पाळीच्या आधीचे दोन आठवडेच पुरतात. विचारांची दिशा बदलायला शिकवणारं समुपदेशनही तितकंच उपयोगी पडतं. ही औषधं मनोविकारतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ लिहून देतात. देवास किंवा इंदूरला जाणं लगेच जमत नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट आहे, आणि तिथे हिंदीतही बोलता येतं, मराठीतही.